लेखक परिचय: उंची पाच फूट नऊ

अख्खी कादंबरी लिहिताना जीवराम फिरक्यांना जो घाम फुटला नव्हता, तो स्वतःची ओळख लिहिताना फुटला. फैजपूरच्या ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवून ते निवृत्त झाले आणि 'पिलबाग' हातावेगळी केली. केळीचं पहिलं पीक निघालं की बुडाशी आलेल्या पिलांवर पुन्हा बाग धरतात, ती पिलबाग. कादंबरीचा नायक वना तसाच, पडून पुन्हा उभा राहणारा. फक्त शेवटी तो बाग विकून मोकळा होतो. हा शेवट जीवरामांना इतका आवडला होता, की कोणीतरी तो वाचावा आणि वाचून दोन शब्द कळवावेत, एवढ्याच आशेवर ते जगत होते.

त्यासाठी त्यांनी मुलाकडून, म्हणजे पियुषकडून, वेबसाइट करून घेतली होती. वाचक काही तिकडे फिरकले नव्हते. डास मारायची यंत्रं विकणारे मात्र नेमानं निरोप टाकत होते. मग जीवरामांनी एक ऑनलाइन शिबिर केलं. शिकवणारे गृहस्थ ठासून सांगत होते, "परिचय वाचून वाचकाला वाटलं पाहिजे, या माणसाच्या घरी जाऊन यावं! मग तो वेबसाइटवर येणारच!" स्वतः गृहस्थांची किती पुस्तकं खपली, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही.

जीवरामांनी लगेच लिहिलं: 'खान्देशच्या काळ्या मातीचा टाहो शब्दांत पेरणारा कलंदर.' इंदिराबाईंना वाचून दाखवलं.

"कलंदर कोन?" त्यांनी भाजी निवडता निवडता विचारलं.

"मी."

"तुमी? गॅस संपला तं दुकानात फोन करायले दहा वेळा सांगा लागते तुमाले."

कलंदर गेला. मग 'विविध संस्थांच्या पुरस्कारांनी सन्मानित' आलं. पण संस्था आठवेना आणि पुरस्कारही आठवेना. तिकडे जळगावचा नवीनभाऊ रोज फोन करत होता. नवीनभाऊ हा प्रकाशक खरा, पण लग्नसराईत तो पत्रिका छापायचा आणि लग्नसराई ओसरली की साहित्याची सेवा करायचा.

"काका, कव्हर अडलंय. बायो पाठवा, फोटो पाठवा, खाली वेबसाइटची लिंक टाकतो."

जीवराम तेव्हा अंगाला तेल लावून आंघोळीला निघाले होते. एक बरा मसुदा त्यांनी सकाळीच फोनमध्ये टंकून ठेवला होता. त्यांनी बाथरूमच्या दारातून हाक दिली, "अगं, नवीनभाऊले बायो पाठवून दे. फोनमध्येच हाये."

इंदिराबाईंनी पाठवून दिला.

पुढच्या आठवड्यात नवीनभाऊचा आवाज फुलून आला होता. "काका, पहिल्या प्रती इथल्या मेळाव्यात स्टॉलवर ठेवल्या. लोक परिचय वाचूनच उचलतायत! तुमच्या प्रती बसनं पाठवतो."

साहित्य मेळावाच असणार, असं धरून जीवरामांनी घरात दोन फेऱ्या मारल्या. एवढ्यात वेबसाइटवर पहिला निरोप आला. 'परिचय फार आवडला. फक्त एक शंका. मुलगा निर्व्यसनी आहे हे नक्की ना?'

जीवरामांचे डोळे पाणावले. एवढ्या थोड्या दिवसांत कोणी वनाच्या स्वभावापर्यंत पोहोचला होता! त्यांनी सविस्तर उत्तर दिलं: 'सुरुवातीला तो भरपूर पितो. पण पुढे पुढे सुटते. आपण धीर धरावा.'

दुसरा निरोप आला. 'याआधी कुठे जमलं होतं का?'

'जमलं होतं काय, लग्नच झालं होतं. ती ऐन पावसाळ्यात निघून जाते. दोष त्याचाच आहे आणि तो मी लपवलेला नाही.'

तिसऱ्यानं विचारलं, 'बाग स्वतःची आहे ना?'

'आज आहे. पण तो ती विकणार. त्याशिवाय त्याला शांती नाही. यापुढचं सांगत नाही, उत्सुकता राहू द्या.'

ही प्रश्नोत्तरं वेबसाइटवर सगळ्यांना दिसतील अशी सोय पियुषनं केलेली होतीच. उत्सुकता राहिली नाही. निरोप एकाएकी थांबले. आपण शेवट फोडायला नको होता, म्हणून जीवराम हळहळले.

मग भुसावळहून लेकीचा, डिंपलचा फोन आला. ती रडत होती.

"पप्पा, दादाचं पहिलं लग्न कधी झालं? मला का नाही सांगितलं?"

"कोणाचं लग्न?"

"सगळ्या समाजात पसरलंय पप्पा! दादा पितो, बायको सोडून गेली, आता बाग विकायला काढलीय. माझ्या सासूबाई म्हणतात, तुझ्या बापानं स्वतः लिहून दिलंय!"

त्याच दुपारी बसनं पुस्तकांचा गठ्ठा आला. जीवरामांनी सुतळी तोडली आणि पुस्तक उलटं केलं. 'लेखक परिचय' या ठळक शीर्षकाखाली कोट घातलेला पियुष हसत होता. 'चि. पियुष. जन्मवेळ पहाटे. उंची पाच फूट नऊ. वर्ण गव्हाळ. शिक्षण बी.ई. व्यवसाय घरची केळीबाग. निर्व्यसनी. अपेक्षा: शिकलेली, मनमिळाऊ. नोकरीवाली चालेल. अधिक माहितीसाठी वेबसाइटला भेट द्या.'

"हे काय पाठवलं तू?"

"तुमीच तं म्हने बायो पाठव!" इंदिराबाई उसळल्या. "आपल्या घरात बायो म्हंजे पियुषचाच. दोन वर्षं झाली, रोज कोनाले ना कोनाले पाठवते मी. तुमाले कोन बायो मांगते?"

नवीनभाऊला फोन लावला, तर तो उलट चकित झाला. "काका, मेळाव्याची परिचय पुस्तिका आमच्याकडेच होती. वधू-वर मेळावा तो! ऑपरेटर त्यातले बायोडेटाच जुळवत होता, त्याला वेगळं काही वाटलंच नाही. आणि लोक काय कौतुक करत होते! म्हणे, बापानं पोरासाठी अख्खी कादंबरी छापली."

पियुष सरळ बागेत निघून गेला. शेती करतो म्हटल्यावर आधीच मुलीकडचे लोक चहा अर्धा ठेवून उठत; आता तर चहालाही कोणी येणार नव्हतं. पोराची पाठमोरी आकृती पाहून जीवरामांना पहिल्यांदाच आपल्या कादंबरीचा राग आला. त्यांनी रीतसर खुलासा टाकला: 'सदर मुलगा पूर्णपणे काल्पनिक असून त्याचा कोणत्याही जिवंत व्यक्तीशी संबंध नाही.' संध्याकाळपर्यंत रावेरपासून पाचोऱ्यापर्यंत बातमी गेली, की फिरक्यांना मुलगाच नाही, फोटो कोणाचा तरी लावलाय.

अशा परिस्थितीत पाचोऱ्याच्या सुपडू भंगाळ्यांचा फोन आला, तेव्हा इंदिराबाईंनी आधी देवापुढे साखर ठेवली. भंगाळ्यांची मुलगी मयुरी नरडाण्याच्या एका कारखान्यात माल तपासायच्या खात्यात नोकरीला होती. ती म्हणे घर पाहायलाच येणार होती.

रविवारी सगळे बैठकीत बसले. सुपडूभाऊ पियुषकडे असे बघत होते, की हात लावून खात्री करावी की काय. मग घसा खाकरून म्हणाले, "फिरकेभाऊ, राग मानू नका. पण ते पहिलं लग्न..."

"पप्पा," मयुरी मध्येच म्हणाली, "ते वनाचं. सातव्या प्रकरणात. दारू पण त्याचीच. मी वाचलंय ना."

जीवरामांनी हातातली बशी खाली ठेवली. "तुम्ही... पूर्ण वाचलीत?"

"शेवटपर्यंत, काका."

आता इंदिराबाई डोळ्यांनी 'गप ऱ्हा' म्हणत होत्या, पण ज्याची इतके दिवस वाट पाहिली तो वाचक समोर बसलेला असताना जीवराम गप राहणं शक्य नव्हतं. "मग शेवट कसा वाटला?"

"नाही पटला," मयुरी शांतपणे म्हणाली. "एवढं सगळं सोसून पिलं जगवायची आणि मग बाग विकून टाकायची? मला फार राग आला. अशा घरात यायचं म्हणजे..." ती थांबली. हसू आवरत पियुषकडे बघून म्हणाली, "दुसऱ्या आवृत्तीत शेवट बदलणार असाल, तर माझा होकार आहे."

जीवराम ताठ झाले. "कलाकृतीचा शेवट अटळ असतो, बेटा. तो लेखकाच्याही हातात नसतो."

"पियुषचं लगन काही अटळ नाही!" इंदिराबाई कडाडल्या. "काहून विकता ती बाग? ऱ्हाऊ द्या ना! तुमच्या खिशातलं काय जाते?"

पियुष मान खाली घालून बसला होता, पण त्याचे कान लाल झाले होते. मुलगी त्याला आवडली होती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. जीवरामांनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्या शेवटाकडे पाहिलं, म्हणजे मनातल्या मनात. त्या एका पानासाठी त्यांनी सात वेळा खाडाखोड केली होती आणि दर वेळी रडले होते. ते म्हणाले, "ठीक आहे. बाग विकत नाही."

"नक्की ना?" मयुरीनं विचारलं.

"शब्द दिला."

सुपडूभाऊंनी सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला, की सगळे दचकले. ते उठले आणि जीवरामांना कडकडून भेटले.

"हेच ऐकायचं होतं, व्याही! मी हिला केव्हाचा सांगतोय, पोरगा चांगला आहे, फक्त बागेचा सौदा मोडला पाहिजे. आता गिऱ्हाइकाला आजच फोन करून नाही म्हणून सांगा!"

गिऱ्हाईक कादंबरीतलं आहे, हे सांगायला जीवरामांनी तोंड उघडलं, आणि इंदिराबाईंनी त्यात अख्खा पेढा कोंबला.