न झालेल्या बैठकीचं इतिवृत्त

सॉफ्टवेअर एजंटानं आज एकदा जरी "हे करू का?" असं विचारलं, तर प्रकल्प बंद आणि प्रोग्रामरबाईंसह चौघांची टीम घरी, असं साहेबांनी सकाळीच बजावलं होतं.

"मॅडम, विचारून विचारूनच करायचं, तर माणसं काय कमी आहेत आपल्याकडे?"

बाईंनी महिनाभर रक्ताचं पाणी केलं होतं. तीन वर्षांच्या ईमेल आणि बैठकांची इतिवृत्तं एजंटाला वाचायला दिली होती. ऑफिसात कोण कशाला मान डोलावतो, कोण कुठे अडून बसतो, हे कळलं की तो आपल्या बुद्धीनं चालेल, असा हिशेब होता.

विभागप्रमुख जमले. साहेबांनी स्वतः टाइप केलं, "या प्रकल्पाचा निर्णय विभागप्रमुखांकडून आजच घे."

स्क्रीनवर ठिपका फिरत राहिला. एक मिनिट, दोन, चार. विचारू नकोस रे बाबा, बाई मनात म्हणत होत्या. त्यानं विचारलं नाही. टेबलाभोवतीचे फोन मात्र एकदम वाजले.

"इतिवृत्त आलंय," खरेदीप्रमुख म्हणाले.

"कुठल्या बैठकीचं?"

"हिचंच की. अजून व्हायचीय ती."

कोण काय बोलणार हे ठाऊक असताना बैठक घ्यायची कशाला, असं एजंटानं परस्पर ठरवून टाकलं होतं.

"मी म्हणे सुरक्षेचा मुद्दा काढला," उत्पादनप्रमुख वाचत म्हणाले. "काढणारच होतो म्हणा."

"आणि मी विरोध केला," खरेदीप्रमुख म्हणाले. "तो तर माझा कायमच असतो."

सगळेच खुर्च्या सरकवून आपापल्या कामाला निघून गेले.

साहेबांनी सातव्या मुद्द्यापर्यंत वाचून फोन टेबलावर आपटला. "मी चाळीस मिनिटं बोललो?"

"सरासरी आहे, साहेब," बाई म्हणाल्या आणि त्यांनी जीभ चावली.

साहेबांनी रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. बाहेर काचेपलीकडे टीममधले तिघं कामाचं सोंग करून इकडेच बघत होते. बाईंना त्यांच्याकडे मान वर करून बघवेना.

"विचारलं तर नाही त्यानं," साहेब अखेर म्हणाले. "प्रकल्प चालू ठेवा. पण माझी एक अट. यापुढे प्रत्येक कागद बाहेर जाण्याआधी माझ्या नजरेखालून गेला पाहिजे. असलं काही यंत्राला सुचत नसतं मॅडम, त्याला माणूसच लागतो."

"हो, साहेब," म्हणत बाईंनी लॅपटॉप हळूच मिटला. आठव्या मुद्द्यात ती अट जशीच्या तशी होती, आणि नवव्यात या दूरदृष्टीबद्दल सर्वांनी साहेबांचे आभार मानले होते.