आधी त्यांचं होऊ दे

आपल्या चर्चेच्या कार्यक्रमाच्या हजाराव्या भागाला निवेदकाने वडिलांना स्टुडिओत नेलं, ते एका शब्दाच्या आशेने. वीस वर्षांत त्याने भल्याभल्या नेत्यांना घाम फोडला होता, रस्त्यात लोक त्याच्याबरोबर फोटो काढून घेत. पण निवृत्त हेडमास्तर असलेल्या वडिलांच्या तोंडून 'छान' काही निघालं नव्हतं. "तू कुणाला वाक्य पुरं करू देत नाहीस," एवढंच ते म्हणत, आणि निवेदक उत्तर देऊ लागला की त्याचं वाक्य ते स्वतःही पुरं होऊ देत नसत.

कंट्रोल रूममध्ये त्यांना निर्मातीशेजारची खुर्ची मिळाली. "काका, इथं कशालाही हात तेवढा लावू नका हं," तिने बजावलं. वडिलांनी हात लावला नाही. फक्त चष्म्याचा डबा समोर ठेवला, आणि निवेदकाच्या कानात बोलण्यासाठी जे बटण दाबायचं, नेमकं तेच त्या डब्याखाली दबलं.

समोर बांधकाममंत्री होते. "नदीवरचा पूल तीन वर्षं अर्धवट का?" निवेदकाने विचारलं.

"त्याचं असं आहे..."

"कसं ते नको, तारीख सांगा."

"अरे, आधी त्यांचं होऊ दे," कानात हेडमास्तरांचा आवाज आला.

पन्नाशीचा निवेदक चौथीतल्या मुलासारखा गप्प झाला. काय घडलंय हे निर्मातीच्या लक्षात आलं. तिने डब्याकडे हात नेला, पण पडद्यावरच्या मंत्र्यांचा चेहरा पाहून तो तसाच मागे घेतला.

मंत्र्यांची पंचाईत झाली होती. आजवरच्या सगळ्या चर्चा त्यांनी 'मला बोलू द्या' या एका वाक्यावर निभावून नेल्या होत्या. खरंच बोलू दिलं तर काय बोलायचं, याची तयारीच नव्हती.

"मला बोलू द्या," ते म्हणाले. निवेदकाने मान डोलावली.

"मध्ये बोलू नका." कुणीच बोलत नव्हतं.

मंत्री पाणी प्यायले. पुलाचं महत्त्व सांगून झालं, नदीचं सांगून झालं. समोरचा माणूस शांतपणे ऐकतच होता. चौथ्या मिनिटाला त्यांचा धीर सुटला. "आता तुमच्यापासून काय लपवायचं? दोन्ही काठांकडून काम काढलं, ते मधोमध जुळतच नाही. चार हातांचा फरक पडतोय."

कार्यक्रम संपला तेव्हा वाहिनीचे मालक स्वतः खाली आले. "गप्प बसून काढून घेतलंस की रे सगळं," म्हणत त्यांनी निवेदकाची पाठ थोपटली. निवेदकाचं लक्ष मात्र डबा खिशात टाकणाऱ्या वडिलांकडे होतं.

घरी जाताना गाडीत त्याने सुरुवात केली, "बाबा, आज..." आणि वडील मध्येच तोडतील याची वाट पाहत थांबला.

"बोल. तुझं होऊ दे," वडील म्हणाले.

आता त्याची पंचाईत झाली. मग त्याच्या तोंडून निघून गेलं, "वीस वर्षं ओरडतोय ते तुम्ही एकदा छान म्हणावं म्हणून."

वडिलांनी चष्मा काढून पुसला. "हजार भाग झाले. मी एकही चुकवलेला नाही. तापाने पडलो होतो, तेव्हाही पाहिलाय. समोर केवढीही मोठी असामी असो, तुझा आवाज कधी कापरा झाला नाही. अभिमान वाटतो मला."

"मग कधी म्हणाला का नाहीत?"

"म्हणायला जायचो. दर वेळी तू मध्ये बोलायचास."

"मी? अहो बाबा, उलट तुम्हीच..." निवेदक म्हणाला, आणि जीभ चावून गप्प बसला.

"छान," वडील म्हणाले.