साकवाला पडदे कोणत्या रंगाचे?

एका जंगलात (कोणत्या ते विचारू नका, मग नकाशा जोडावा लागेल) म्हाळसा नावाची एक भेकरीण राहत होती. भेकर म्हणजे कुत्र्यासारखं भुंकणारं लहानसं हरीण. धोका दिसला की म्हाळसा एकदाच ओरडायची, "भ्वॉक!" सगळं जंगल सावध व्हायचं. प्रस्तावना नाही, पार्श्वभूमी नाही. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललं होतं आणि कुणाचं काही अडलं नव्हतं.

जंगलाच्या मधोमध एक ओढा होता, अरुंद पण चांगला खोल. त्यावर जुन्या खोडाचा साकव. अलीकडे म्हाळसेचं घर आणि पलीकडे कोवळं गवत. वाघोबा महाराजांचा दरबारही पलीकडेच.

एके दिवशी म्हाळसेची लेक ठकी साकवावरून चालली होती. तिचा पाय कुजक्या लाकडातून आरपार गेला. पोर लटकली की हो! म्हाळसेनं तिला कानाला धरून वर ओढलं.

"भ्वॉक! साकव कुजलाय! भ्वॉक!"

पूर्वी एवढ्यावर काम झालं असतं. पण बाळांनो, आता जंगलात सुधारणा झाली होती.

झालं होतं असं, की चिंतोपंत नावाचं एक वानर साहेबलोकांच्या विश्रामगृहाच्या कौलांवर सहा महिने राहून आलं होतं. येताना त्यानं एक फाईल पळवून आणली. महाराजांना फाईल फार आवडली. आधीच मर्कट, त्यात त्याला कचेरी मिळाली. हुकूम निघाला, की यापुढे दरबारात काहीही मागायचं ते या फाईलीच्या नमुन्यातच मागायचं. आता ती फाईल होती विश्रामगृहाचे पडदे बदलण्याबाबतची. पण नमुना तो नमुना! मधमाश्यांनी पोळं हलवायची परवानगी मागितली, तेव्हा त्यांनाही पडद्यांची लांबी लिहावी लागली होती.

"ऐकू येतं मला," चिंतोपंत म्हणाले. "पण भुंकणं तोंडी झालं. लेखी द्या."

म्हाळसेनं सागाच्या पानावर खुरानं कोरलं, 'साकव कुजला आहे. पोरं पडतील. नवीन खोड टाका.'

पंतांनी पान उलटसुलट करून पाहिलं. "बाकीचा प्रस्ताव कुठाय?"

"एवढाच आहे."

"अहो बाई, एवढ्यात तर आमचा 'विषय'सुद्धा संपत नाही! साकवाचा इतिहास लिहा. ओढ्याचा इतिहास लिहा. उद्दिष्टं लिहा. आणि हो, घाबरू नका. ज्याचा अर्ज विचाराधीन आहे, त्याला महाराज खात नाहीत. अर्ज निकाली निघाला की मग मात्र नियम संपला."

म्हाळसेचं तिकडे लक्षच नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे ठकी होती. पोरीला पलीकडे जायची बंदी केलेली, आणि अलीकडचं गवत तर कधीच संपलेलं. ठकीच्या बरगड्या दिसू लागल्या होत्या.

म्हाळसा लिहीत बसली. उद्दिष्ट: पलीकडे जाणे. दूरगामी उद्दिष्ट: परत येणे. 'पडद्यांचा रंग' या रकान्यात तिनं लिहिलं, 'साकवाला पडदे नसतात.' प्रस्ताव परत आला. मग तिनं मुकाट्यानं लिहिलं, 'पिवळा.'

"हं, आता कसं!" पंत खूश झाले. "आता जोडपत्रं. नव्या खोडाचा नमुना जोडा. दगडांचा नमुना जोडा, बांधायच्या वेलींचा जोडा. सगळं सात प्रतींत."

सगळं जंगल कामाला लागलं. सात खोडं आली. दगडांचे सात ढीग आले. वेलींची सात वेटोळी आली. सागाच्या पानांचे तर गठ्ठेच्या गठ्ठे.

म्हाळसा त्या ढिगाकडे बघतच राहिली. "अहो पंत, एवढ्यात साकव बांधून होईल की!"

पंतांनी कानांवर हात ठेवले. "भलतंच काय! हे कामाचं लाकूड नाही, जोडपत्राचं आहे."

प्रस्ताव दरबारात न्यायचा ठरला. तो उचलायला दौलतराव गव्याला बोलावलं. सगळी जोडपत्रं त्याच्या पाठीवर चढवली. दौलतराव साकवाकडे निघाला.

"भ्वॉक!" म्हाळसा जिवाच्या आकांतानं ओरडली. "अहो, तोच साकव कुजलाय!"

"ते बाविसाव्या पानावर आहे," पंत म्हणाले. "महाराजांनी अजून वाचलेलं नाही. चला दौलतराव."

कडाड्! साकव मोडला. दौलतराव चिखलात बसला आणि कुरकुरत बाहेर निघाला. त्याला काही झालं नाही, त्याचं कातडं जाड होतं. पण प्रस्ताव सगळा ओढ्यात पडला. खाली दगड, त्यावर सात खोडं, फटींमध्ये पानांचे गठ्ठे. घळ काठोकाठ भरली, आणि पाणी बिचारं दगडांमधून वाट काढून निघून गेलं.

कुणाला काही कळायच्या आत भुकेली ठकी त्यावरून धावत सुटली. म्हाळसेनं डोळे मिटले. उघडले तेव्हा ठकी पलीकडे गवतात तोंड खुपसून उभी होती. म्हाळसाही मागोमाग धावली. पायाखाली काही हललंसुद्धा नाही. तिला रडूच कोसळलं.

आवाज ऐकून वाघोबा महाराज आले. त्यांनी प्रस्तावावर एक पंजा दाबून पाहिला. मग दुसरा.

"वा! इतका भक्कम प्रस्ताव आजवर पाहिला नव्हता. मंजूर! आणि पूलही झालेलाच दिसतोय. म्हणजे अर्ज निकाली, नाही का?"

असं म्हणून महाराजांनी मिशांवरून जीभ फिरवली. त्यांची नजर आधी म्हाळसेवर गेली, मग ठकीवर. दोघी होत्या दोन झेपांवर. म्हाळसेला पंतांचा नियम आत्ता आठवला.

तिनं ठकीला पाठीशी घातलं आणि ओरडली, "भ्वॉक! महाराज, पडदे!"

"कसले पडदे?"

"पिवळे! पान नऊ, रकाना चार! पुलाला पडदे कुठायत?"

महाराजांनी पंतांकडे पाहिलं. पंतांनी मान खाली घातली. "खरं आहे, महाराज. पडदे बाकी आहेत. अर्ज निकाली काढता येणार नाही."

महाराजांनी तोंडाला सुटलेलं पाणी गिळलं आणि ते गुहेत गेले.

ठकी पुढे मोठी झाली. तिलाही लेकरं झाली. म्हाळसा दर वर्षी न चुकता एक अर्ज देते, पडद्यांचा रंग बदलून मिळण्याबाबत. सध्या जांभळा विचाराधीन आहे.

तात्पर्य: खरं बोलावं आणि थोडक्यात बोलावं, असं सांगणाऱ्यांना वाघानं केव्हाच खाल्लं. ज्याला जगायचं असेल, त्यानं प्रस्तावात एक रकाना कायम अर्धवट ठेवावा.