धम्मदीपची मूठ

शेजारच्या हिंदीभाषक राज्यात, सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्न कारखान्यात धम्मदीप मेश्रामचा उजवा हात कन्व्हेयरच्या पट्ट्यात सापडला. कारखान्याच्या नोंदीप्रमाणे घटना किरकोळ होती, कारण पट्टा चार मिनिटांत पुन्हा सुरू झाला. हात मात्र सुरू झाला नाही. जखम भरली, पण आतल्या शिरा आखडल्या, बोटं तळहातात वळली आणि हाताची जी मूठ झाली ती झालीच. डॉक्टरांनी ती चारी बाजूंनी निरखली. "तीन महिन्यांच्या आत ऑपरेशन झालं तर उघडेल. पुढे मग मूठच." ऑपरेशनसाठी भरपाईचा दावा मंजूर व्हायला हवा होता. एवढंच.

राज्याची नवी राजधानी वसल्यापासून दावा कार्यालयही शहराबाहेर, तेलीबांध्याच्या पुढे काचेच्या इमारतीत गेलं होतं. जुन्या कार्यालयात अर्जदार ओरडत, बाबू त्याहून मोठ्याने ओरडत आणि काम होत नसे. नव्या कार्यालयात तेच काम शांततेत होत नसे. त्यासाठी 'संयम व सहानुभूती धोरण' लागू झालं होतं. सहानुभूती कार्यालयाने दाखवायची, संयम अर्जदाराने. संयमाला दहापैकी गुण मिळत. सात मिळाले तर फाईल वर जाई.

खिडकीत अच्युतराव होते. मूळचे भंडाऱ्याचे, सहानुभूतीचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलेले.

"मले तुमचं दुःख समजते," ते मान वर न करता म्हणाले. "काय झालं?"

धम्मदीपने हात खिडकीवर ठेवला. अच्युतरावांनी आधी हात पाहिला, मग फॉर्म पाहिला. रकाना चार : अर्जदाराने मूठ आवळली होती काय? त्यांनी 'होय'वर खूण केली.

"पाच मार्क गेले, भाऊ."

"बाबूजी, मी नाही आवळली. पट्ट्यानं आवळली."

"कोणी आवळली हे फॉर्म विचारतच नाही. आवळली का, एवढंच विचारते."

"उघडाले तं ऑपरेशन पायजे."

"ऑपरेशनले मंजुरी पायजे, मंजुरीले सात मार्क पायजे, आन् सात मार्काले मूठ उघडी पायजे. एकदम साधी सिस्टीम आहे." मग आवाज मऊ करून म्हणाले, "तुमच्या घरी तं भिंतीवर शांतीचा फोटोच असन. तुमाले काय कठीण आहे?"

घरी भिंतीवर दोन फोटो आहेत आणि दुसऱ्यातले साहेब बोट उचलून उभे आहेत, हे धम्मदीपच्या ओठांवर आलं होतं. पण उरलेले पाच गुण त्याने सांभाळले.

पुढच्या खेपेला बायकोने, रुचिताने, गोल बाजारातून नवा गमछा आणून मूठ त्यात गुंडाळून दिली. धम्मदीप दोन तास उभा राहिला, हसला, दोनदा धन्यवाद म्हणाला. आठ गुण पडले. फाईल वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी गमछा सोडायची तसदी घेतली नाही. चेहरा पाहून शेरा लिहिला : 'अर्जदार प्रसन्न. वेदना आढळली नाही. तातडी नाही.'

"काहून हसत होते तुमी?" रुचिताने विचारलं.

"मार्कासाठी."

"आता जा आन् जरा कण्हा."

तो जाऊन कण्हला. नेमकं त्याच आठवड्यात नवं परिपत्रक आलं होतं : रांगेतल्या एकाचा संयम सुटला तर साऱ्या रांगेचा एक गुण कापला जाईल. संयमाचं सामाजिकीकरण, असा त्यात शब्द होता. धम्मदीप कण्हताच मागून आवाज आला, "भैया, चुप रहो ना. हमारा भी नंबर कटता है." दुसरा म्हणाला, "और मुठ्ठी पीछे रखो." लोकांनीच त्याला प्रेमाने रांगेच्या शेवटी नेऊन उभं केलं. तिथे पोचेपर्यंत खिडकी बंद झाली.

अशा खेपा होत होत तीन महिने झाले. पहिल्या डॉक्टरांनी मूठ पुन्हा निरखली आणि या वेळी फक्त एकच बाजू पाहिली. "आता उपयोग नाही."

धम्मदीप ते सांगायला खिडकीवर गेला.

"मले तुमचं दुःख समजते," अच्युतराव म्हणाले. फाईल तयारच होती. "तीन महिन्यांत उघडली नाही ना? दुखापत असती तं बरी झाली असती. वरून निर्णय आला आहे : हा तुमचा स्वभाव आहे. स्वभावाले दावा नाही मिळत." त्यांनी सहानुभूतीचं रजिस्टर पुढे सरकवलं. "इथं सही करा. 'सहानुभूती मिळाली, तक्रार नाही.' डाव्या हातानं चालते. आमी समजून घेतो."

धम्मदीपने सही केली नाही. त्या दिवशी त्याने पहिल्यांदा ती मूठ स्वतः आवळली. बाहेरून काही फरक दिसला नाही.

मग तो वळला. आपल्यामागे बावीस माणसं उभी आहेत, त्यांतलं एखादं तरी काही बोलेल, असं त्याला वाटलं. तो एकेकाच्या तोंडाकडे पाहत गेला. सातव्या नंबरवर, निळी फाईल छातीशी धरून, तुम्ही होतात. तुम्ही भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होतात.

तुमचे दहापैकी दहा आले आहेत. अभिनंदन.