भास्करकाकांचा फॉलो-अप

आमच्या शेजारचे भास्करकाका रणभिसे देवाला पत्ता सांगतात. तोही झिपकोडसकट.

माझ्या नवऱ्याचं व्हिसा एक्स्टेन्शन अडकलं होतं, तेव्हा ते एकदा आमच्याकडे जेवायला आले होते. "वैशाली, प्रार्थना करू का?" म्हणाले. मी काही फारशी देवभोळी नाही, पण व्हिसाच्या बाबतीत मी कुणालाच नाही म्हणत नाही. काकांनी डोळे मिटले. "प्रभू, हे कुलकर्णी नेपरव्हिलचे. शॉमबर्गचे नव्हेत, त्यांचं ग्रीनकार्ड झालंय." मग एक डोळा उघडून मला हळूच विचारलं, "अर्जाचा रिसीट नंबर पाठ आहे का गं?" मसालेभात पार गार झाला. शेवटी "आमेन" म्हणून त्यांनी हात झटकले. "सोपवलं! आता चिंता नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वारी दारात. "काही कळलं का?"

"अहो काका, कालच सोपवलंत ना?"

"सोपवलंच आहे. हा आपला फॉलो-अप."

काका मूळचे नगरचे, इथे आयटीत प्रोजेक्ट मॅनेजर. जन्मभर दुसऱ्याला काम द्यायचं आणि झालं का, झालं का म्हणून त्याचं डोकं खायचं, हीच नोकरी. आता समोर परमेश्वर आहे म्हणून सवय थोडीच सुटणार? त्यांच्या चर्चच्या पाळकांनी एकदा त्यांना बसवून समजावलं होतं. चिंता आली की तिचं नाव घ्या, देवाचे आभार माना, ती त्याच्या पायाशी ठेवा आणि मागे न बघता घरी या. काका ठेवतात हो, अगदी मनापासून ठेवतात. मग नीट ठेवली ना हे बघायला परत जातात आणि येताना उचलून घेऊन येतात. काकू हॉस्पिटलात नर्स आहेत. त्या म्हणतात, "घाबरायचं डिपार्टमेंट मी ह्यांना देऊन टाकलंय."

या डिपार्टमेंटचं सगळ्यात मोठं काम म्हणजे रूथ, त्यांची एकुलती एक मुलगी. इथून गाडीने नऊ-दहा तासांवर स्टेट कॉलेज नावाचं गाव आहे, तिथे पीएचडी करते. ती घरी यायला ड्राइव्ह करत निघाली की काकांचे फोन सुरू. टायरची हवा बघितलीस का, ट्रकच्या मागे राहू नकोस, आता कुठे आहेस. शेवटी थँक्सगिव्हिंगला पोरगी भडकलीच. "बाबा, यू स्केअर मी मोर दॅन द रोड! फोन वाजला की माझं रस्त्यावरचं लक्ष उडतं. पुन्हा केलंत तर आय वोन्ट कम होम." काकांचा चेहरा एवढासा झाला. ती गाडीत असताना फोन करणार नाही, असा त्यांनी तिला शब्द दिला.

आणि नाताळला ती नेमकी बर्फात निघाली.

काकू ड्यूटीवर होत्या. दुपारी काका आमच्याकडे आले आणि आपला मोबाइल माझ्या हातात कोंबला. "लपवून ठेव. माझा माझ्यावर भरवसा नाही."

"आणि प्रभूवर?" मी चिडवलं.

"त्याच्यावर आहे गं. पण तो काही माझा हात धरत नाही ना!"

मी मोबाइल तांदळाच्या डब्यात खुपसला.

इंडियानात, म्हणजे तिच्या वाटेवरच, बर्फाचं वादळ आहे हे काकांनी टीव्हीवर बघून घेतलं होतं. खिडकीशी उभं राहून पुटपुटत होते, "प्रभू, आता साउथ बेंड येईल. तिथे उजवी लेन बरी..."

"काका, त्याला त्याचं काम करू द्या की!"

त्यांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला. थोड्या वेळाने पाण्याचं निमित्त करून स्वयंपाकघरात आले आणि डब्यांच्या फळीकडे बघत राहिले. "एकदाच करू?"

"काका, ती यायची बंद होईल."

"माहितीय," म्हणाले, आणि खरंच जाऊन बसले. देवाशप्पथ सांगते, मला काकांसाठी वाईट वाटलं. त्या पोरीचा रागही आला.

तेवढ्यात डबा वाजायला लागला.

रूथच होती. एका गॅस स्टेशनवर गाडी थांबवून रडत होती. काकांनी स्पीकर लावला. "बाबा, आय कान्ट सी एनीथिंग. आय ॲम सो स्केअर्ड. विल यू प्रे?"

मी मनात म्हटलं, झालं! आता वायपर, टायर, एक्झिट नंबर, सगळं निघणार. काकांनी डोळे मिटले. 

"प्रभू, रूथ घाबरलीय. मीही घाबरलोय. तू आमच्याजवळ राहा. आमेन."

"दॅट्स इट?"

"एवढंच, बेटा. बर्फ कमी होईपर्यंत तिथेच बस. तुला वाटेल तेव्हा नीघ. मी ठेवतो आता."

"नो, बाबा. डोन्ट हँग अप."

काका खुर्ची ओढून बसले. स्पीकर बंद करून त्यांनी फोन कानाला लावला. एकही सूचना दिली नाही.  चहा ठेवायला म्हणून मी उठले, तर त्यांनी फोनवर हात धरून मला खुणेनं थांबवलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"वैशाली," ते कुजबुजले, "तीच म्हणतेय, ठेवू नका."