रखमाजीचं कण्हणं

काळजाचं ऑपरेशन होऊन रखमाजी औरंगाबादहून आष्टीला निघाला, तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, द्वारकाबाईला बजावलं, "ही दुखण्याची जालीम गोळी हळूहळू बंद करायची. साधीवर भागवा. चटक लागली तर ती सोडवायला पुन्हा इथंच भरती व्हावं लागेल."

रखमाजीला दवाखान्याचं नावसुद्धा नको होतं. एकटा असला की साध्या गोळीवर तो निवांत असायचा. बिघडायचं ते भेटायला येणाऱ्यांमुळं. माणूस एस्टीत धक्के खात आलं आणि "लई दुखतंय का?" म्हणून विचारलं, तर "न्हाई" कसं म्हणावं? येणाऱ्याचा मान म्हणून रखमाजी कण्हायचा. जोर लावून कण्हलं की टाके ताणायचे, खरंच दुखायचं, आणि मग जालीम गोळी.

द्वारकाबाईनं हे हेरलं. "आजपासून कण्हायचं न्हाई."

"अन् लोकं काय म्हन्तील?"

"लोकं येनार हैत का तुमच्या बदली भरती व्हायला?"

त्याच दिवशी राजूरहून तुळजाबाई आली. रखमाजीची थोरली बहीण, स्वभावानं फौजदार.

"दुखतंय का रं?"

"न्हाई आक्का. बरं हाय."

"मंग मी काय तुझं तोंड बघाया दोन गाड्या बदलून आल्ते?"

ती पाय आपटत शेजाऱ्यांच्या घरी जाऊन बसली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, रखमाजीचं ऑपरेशन झालंच नाही, नुसता औरंगाबाद फिरून आला. मग खात्री करायला दुप्पट माणसं. जो तो म्हणे, "सदरा काढून दाव." काढघाल करून टाके ओढले आणि रखमाजीचा हात गोळीकडं गेला.

द्वारकाबाईनं गोळ्यांचं पाकीट कमरेला खोचलं, उंबऱ्यात बसली आणि स्वतःच कण्हायला लागली.

शेजारचा भुजंग घाबरला. "वैनी, तुम्हाला काय झालं?"

"ह्यांचं दुखनं बघवंना. ह्ये तोंडातून शबूद काढीनात, मंग मीच कण्हून राह्यले."

हे सगळ्यांना बराबर पटलं. माणसं तिच्याभोवती बसायला लागली. रखमाजीकडं कुणी फिरकेना. जालीम गोळी आपोआप सुटली. पुढच्या खेपेला औरंगाबादला डॉक्टर तपासून म्हणाले, "जालीम गोळी बंद. भरतीची गरज नाही."

रखमाजी खुशीत घरी आला, तर उंबऱ्यात तुळजाबाई वाट बघत उभी.

"तुझं झालं बरं. ही बिचारी किती वाळली बघ. तिला पडू दे. जा, चहा टाक समद्यांना."

रखमाजी चुलीपुढं वाकला. टाक्यात बारीक कळ आली, तोंडातून हळूच "आई गं" निघालं.

तुळजाबाईनं वळून बघितलं. "आता तुला रं काय झालं?"