दुरैची करमाफी

शुद्धलेखन चुकलं तर आधीच माफी मागतो. आठवीत शाळा सुटली आणि त्यानंतर मी फक्त पोत्यांवरची अक्षरं वाचली. त्यामुळे भाषाही पोत्यासारखीच साधी निघेल.

तमिळनाडूतल्या नामक्कलमध्ये नल्लसामी अण्णांच्या पशुखाद्याच्या दुकानात मी कामाला आहे. खोली भाड्याची, एकट्याची. संध्याकाळी कुलूप उघडून मी "आलो" म्हणतो आणि आतून कुणी काही म्हणत नाही. (म्हटलं असतं तर मी पळालो असतो, ती गोष्ट वेगळी.) म्हणून एक दिवस ठरवलं, कुत्रं पाळायचं.

अण्णांना सांगितलं तर त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"कुत्र्याच्या खाद्यावर जीएसटी आहे, ठाऊक आहे ना?"

"आणि म्हशीच्या?"

"माफ. कोंबडीचं माफ, कोळंबीचं माफ. जे दूध देतं, अंडं देतं, नाहीतर ताटात येतं, त्याला माफी. जे नुसतं शेपूट हलवतं ती हौस. हौसेवर कर."

"मला हौस नाही अण्णा. मला एकट्याला करमत नाही."

"त्याला माफी नाही, पोरा. तू आपला कोंबडा पाळ."

मी बाजारातून एक तांबडा गावठी कोंबडा आणला. नाव ठेवलं दुरै, म्हणजे साहेब. वागायचाही साहेबासारखाच. माझ्या चटईवर तो झोपायचा, फरशीवर मी. पण मी बोलायला लागलो की मान वाकडी करून ऐकायचा. माझं इतकं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

आता नामक्कलमध्ये कोंबड्या लाखांनी आहेत, पण त्या शेडमध्ये. घरात एकच कोंबडा, आणि त्याला लाडानं खाऊ घालणारा लग्नाच्या वयाचा मुलगा, याचा आमच्याकडे एकच अर्थ होतो. तो माझ्याही लक्षात यायला हवा होता. (मी दुरैशी बोलण्यात गुंग होतो.) वरच्या मजल्यावरच्या घरमालकीण पावायी अक्का जिन्यात भेटल्या आणि हळूच म्हणाल्या, "करुप्पण्णसामीला नवस बोललायस ना रे? लग्नासाठी?"

'लग्न' ऐकून माझे कान तापले. मी खाली बघितलं. लाजून खाली बघणं म्हणजे होच.

तिथून चमत्कार सुरू झाला. अक्कांनी तांदळाची कणी पाठवली. समोरच्या शिंप्यानं दुरैच्या पायात हळदीचा दोरा बांधला. दुरै भल्या पहाटे सगळ्या गल्लीला उठवायचा, पण देवाच्या कोंबड्याला शिव्या कोण देणार? लोक दारात थांबून "मुलगी मिळाली का?" विचारायला लागले. खरं सांगायला हवं होतं, कळत होतं मला. पण माझ्या दारात माणसं होती हो!

आणि आडी महिन्यातल्या, म्हणजे आमच्याकडे नवस फेडायच्या महिन्यातल्या, एका रविवारी सकाळी दार उघडलं, तर अख्खी गल्ली उभी. देवळाला जायला भाड्याचा टेम्पो, वाटलेला मसाला, हे एवढं पातेलं (एका कोंबड्याला! रस्सा पातळ होणार हे उघड होतं), नव्या धोतरातले नल्लसामी अण्णा, आणि शिंप्याच्या हातात कोयता.

"चल, आण साहेबांना बाहेर!" शिंपी म्हणाला.

दुरै माझ्या काखेत होता. त्याची छाती माझ्या बोटांखाली धडधडत होती. एकदा 'हो' म्हटलं की आज पंगतीत जेवायला मिळणार होतं, माणसांच्या मधोमध. उद्यापासून मात्र पुन्हा रिकामी खोली.

"नवस नाही," मी म्हणालो.

"काय?"

"नवस बोललोच नव्हतो. मी त्याला... सोबतीला पाळलाय."

शिंपी खो खो हसत सुटला. "सोबतीला? मग हा कुत्राच झाला की! कर भर, कर!"

"हळू बोल रे बाबा," अण्णा इकडेतिकडे बघत म्हणाले, "खाद्य माझ्या दुकानातून जातंय."

पावायी अक्का तेवढ्या हसल्या नाहीत. "खालीच राहतोस ना? मग वर येऊन बसायला काय झालं होतं?"

"तुम्ही बोलावलं नाहीत."

"मग या दुरैला कुणी बोलावलं होतं? येतोच की रोज जिन्यात."

वाटेत विकतचा कोंबडा घ्यायचं ठरलं आणि टेम्पो निघून गेला. मसाल्याचा वास मात्र दुपारपर्यंत गल्लीत रेंगाळत होता. मी आणि दुरैनं दहीभात खाल्ला. तो जास्त जेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धीर केला. केस विंचरले, बोलायला दोन-तीन विषय पाठ केले, दुरैला काखेत घेतलं आणि जिना चढून अक्कांचं दार वाजवलं. दार उघडलं आणि अक्कांचा चेहरा फुलला.

"अगंबाई, दुरै! ये रे राजा, ये!"

त्याला पाटावर बसवलं. कणी दिली. रात्री झोप लागली का, घाबरला तर नाहीस ना, सगळं विचारलं. मग कॉफीचा पेला माझ्याकडे सरकवत म्हणाल्या,

"आणि तुझं रे नाव काय?"